फोर-व्हीलमधून न सुटणारी गाडी : निदान, उपाय आणि मतभेद

प्रश्न कुणाचा आणि का

शुगर लँड हे ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, फोर्ट बेंड काउंटीत वसलेले सपाट शहर. इथे घाट नाहीत, रस्ते रुंद आणि काँक्रीटचे आहेत, बर्फ तर क्वचितच पडतो. तरीही गल्लोगल्ली पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही उभ्या दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळ फोर-व्हील ड्राइव्हच्या असतात. या गाड्या टेक्सासात बनतातही : शेव्रोले टाहो आणि सबर्बन आर्लिंग्टनला, टोयोटा टंड्रा सॅन अँटोनिओला. मराठी घरांतही त्या रुळल्या आहेत. भारतातून आई-वडील आले की सगळे एका गाडीत मावावेत, उन्हाळ्यात कोलोरॅडोच्या डोंगरात जाता यावे, पावसात रस्ते तुंबले तर गाडी थोडी उंच असावी, अशी त्यामागची साधी कारणे. फोर-व्हीलचे बटण मात्र वर्षानुवर्षे कुणी दाबत नाही. मग एके दिवशी ते दाबले जाते आणि गाडी परत टू-हायवर, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांच्या ड्राइव्हवर, येत नाही.

या बिघाडाबद्दल सल्ल्यांचा तुटवडा नाही. डीलर एक सांगतो, कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुसरे, सोसायटीतला हौशी शेजारी तिसरे. त्यांतले बरेचसे सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात, पण ते वेगवेगळ्या बिघाडांबद्दलचे असतात आणि घोळ तिथेच होतो. म्हणून यंत्रणा कशी बदलत गेली, निदानाच्या कोणत्या पायऱ्यांवर सर्वसाधारण एकमत आहे, मतभेद कुठे आहेत आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

पार्श्वभूमी : लिव्हरपासून बटणापर्यंत

दुसऱ्या महायुद्धातील 1941 च्या विलीज जीपमध्ये फोर-व्हील लावायला गिअरच्या शेजारी वेगळा लिव्हर होता. हाताने ओढलेला लिव्हर सळ्यांच्या जोडणीतून थेट ट्रान्सफर केसमधला काटा सरकवायचा. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली पेटी. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही, हे ती ठरवते. हीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली आणि महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर हात बसवून तयार झाल्या. त्या यंत्रणेत गाडी फोर-व्हीलमध्ये अडकली तर संशयित मोजकेच असत : लिव्हरची जोडणी, काटा, नाहीतर चाकांमधला ताण.

1948 मध्ये वॉर्न कंपनीने पुढच्या चाकांसाठी हाताने फिरवायचे लॉकिंग हब बाजारात आणले. गरज नसेल तेव्हा पुढची चाके अ‍ॅक्सलपासून सुटी करण्याची सोय त्यामुळे झाली. 1973 मध्ये जीपने क्वाड्रा-ट्रॅक आणले. त्यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल होते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही चारही चाकांना ताकद देता येऊ लागली. पुढे बटणे आली. जनरल मोटर्सने 1990 च्या दशकाच्या अखेरीस ऑटोट्रॅक रुळवले. त्यात डॅशवरचे बटण दाबले की एक कंट्रोल मॉड्यूल ट्रान्सफर केसवरच्या छोट्या विजेच्या मोटरीला हुकूम देते. फोर्डने 2004 च्या एफ-150 पासून पुढच्या चाकांच्या हबांचे काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर सोपवले. टोयोटाने पुढच्या डिफरन्शियलमध्येच एका बाजूचा अ‍ॅक्सल जोडणारी-सोडणारी यंत्रणा बसवली.

भारतात या दोन्ही पद्धती आजही शेजारी-शेजारी नांदतात. 2020 च्या महिंद्रा थारमध्ये फोर-व्हीलसाठी हाताचा लिव्हर राहिला, तर 2022 च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये ते काम विजेच्या यंत्रणेकडे गेले. पुण्याहून शुगर लँडला आलेल्या माणसाच्या मनात थारचा लिव्हर असतो आणि हातात टाहोचे बटण. त्यामुळे ‘जरा जोर लावून ओढ’ हा तिकडचा सल्ला इथे लागू पडत नाही.

‘अडकली’ म्हणजे नेमके काय : तीन वेगळ्या स्थिती

मालक ‘गाडी फोर-व्हीलमध्ये अडकली’ म्हणतो तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. त्यांचा खर्च आणि उपाय एकमेकांपासून फार दूर आहेत.

पहिली स्थिती म्हणजे ट्रान्सफर केस खरोखरच गुंतलेली आहे : पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले आहेत आणि सुटत नाहीत. खरी जोखीम याच स्थितीत असते.

दुसऱ्या स्थितीत ट्रान्सफर केस सुटलेली असते, पण पुढचा अ‍ॅक्सल किंवा हब जोडलेला राहतो. चाकांबरोबर पुढचा शाफ्ट फुकट फिरतो, आवाज येतो, इंधन थोडे जास्त जाते, पण चाकांमध्ये ताण साठत नाही. फोर्डच्या व्हॅक्यूम हबांचे उदाहरण इथे नेमके बसते. व्हॅक्यूम असते तोवर हब सुटे राहतात, ते गेले की स्प्रिंग त्यांना जोडून टाकते. नळी चिरली किंवा सोलेनॉइडमध्ये पाणी शिरले की व्हॅक्यूम अर्धवट पडते, हबचे दाते एकमेकांवर घासतात आणि चाकाजवळून दळण्यासारखी खरखर येते. मालकाला वाटते गाडी फोर-व्हीलमध्ये आहे, पण ट्रान्सफर केस टू-हायमध्येच असते.

तिसऱ्या स्थितीत यांत्रिक भाग सुटलेले असतात, फक्त दिवा जळत राहतो किंवा ‘सर्व्हिस फोर-व्हील ड्राइव्ह’ असा संदेश येतो. सेन्सर, कनेक्टर किंवा मॉड्यूलची समजूत चुकलेली असते.

या तिन्हींची वेळीच फोड न करणे, हे या बिघाडात वाया जाणाऱ्या पैशाचे सर्वांत मोठे कारण आहे, असे या लेखाचे मत आहे. पुढचे बहुतेक वादही या फोडीपाशी येऊन निवळतात.

चाकांमधला ताण : मुळाशी असलेले भौतिकशास्त्र

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. तीन मीटर व्हीलबेस असलेल्या गाडीचे मागचे अ‍ॅक्सल सहा मीटर त्रिज्येच्या काटकोनी वळणात सुमारे 9.4 मीटर चालते, तर पुढचे सुमारे 10.5 मीटर. म्हणजे एका वळणात मीटरभराहून जास्त फरक पडतो. मधे डिफरन्शियल नसलेल्या पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट बांधलेले असतात, त्यामुळे हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. वाळूत, चिखलात, ओल्या गवतावर चाक थोडे घसरते आणि प्रश्न मिटतो. कोरड्या काँक्रीटवर चाक घसरत नाही. मग पीळ भरलेल्या दोरासारखा ताण शाफ्टांमध्ये साठत जातो. ट्रान्सफर केसमधली जोडणारी कॉलर त्या ताणाखाली दाबली जाते आणि मोटर किंवा लिव्हर कितीही प्रयत्न करो, जागची हलत नाही.

किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये हे उघड दिसते. जागेत शिरण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण फिरवले की ते जड लागते. कुणी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडखळते, एखादे चाक कुरकुरत छोटी उडी मारते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी पुढे न घरंगळता जागीच थबकते. तिथून सरळ रेषेत काही मीटर मागे घेतली की कधीकधी खाडकन आवाज होतो आणि दिवा विझतो. साठलेला ताण उलट्या दिशेने सुटलेला असतो. अशा वेळी काहीही बिघडलेले नसते.

टायरांचा फरकही हेच करतो. पुढचे टायर नवे आणि मागचे त्यांच्यापेक्षा तीन मिलिमीटर झिजलेले असतील, तर प्रत्येक फेऱ्यात परिघांत जवळजवळ 19 मिलिमीटरचा फरक पडतो. 80 सेंटिमीटर व्यासाचा टायर एका किलोमीटरला सुमारे 400 फेरे घेतो, म्हणजे किलोमीटरमागे साडेसात मीटर. गाडी अगदी सरळ चालवली तरी ताण साठत राहतो. टेक्सासने 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी रद्द केली. फोर्ट बेंडमध्ये धुराची चाचणी कायम आहे. जुन्या तपासणीतही चारही टायर सारखे आहेत का हे पाहिले जात नव्हते, पण निदान वर्षातून एकदा कुणाची तरी नजर टायरांवर पडत असे. आता ते काम सर्वस्वी मालकाचे आहे.

एकमत असलेल्या पायऱ्या

अनुभवी मेकॅनिकांच्या पद्धतींत तपशिलाचे फरक असले तरी पुढचा क्रम बहुतेकांना मान्य होण्यासारखा आहे. तो फुकटापासून खर्चिकाकडे जातो.

आधी मालक-पुस्तिका. फोर-हायमधून, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या फोर-व्हीलमधून, टू-हायवर येणे बहुतेक गाड्यांत चालू गाडीत जमते. फोर-लोमधून, म्हणजे कमी वेगाच्या, जास्त जोराच्या फोर-व्हीलमधून, बाहेर येताना मात्र गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश सरकत असावी लागते, गिअर न्यूट्रलमध्ये लागतो, आणि काही गाड्यांत ब्रेकवर पायही लागतो. या अटी पुऱ्या झाल्याशिवाय मॉड्यूल हुकूम पाळत नाही. तो बिघाड नसून केलेली सोय आहे. न्यूट्रल ओळखणारा किंवा ब्रेकचा स्विच खराब असेल तरीही गाडी फोर-लो सोडत नाही, आणि दोष ट्रान्सफर केसच्या माथी बसतो.

मग ताण सोडवणे. सपाट मोकळ्या जागी सरळ रेषेत थोडे पुढे, थोडे मागे, गिअर न्यूट्रलमध्ये आणून टू-हायचे बटण. ओले गवत किंवा खडी जवळ असेल तर आणखी बरे.

तिसरी पायरी बॅटरी आणि फ्यूज. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते. इंजिन सुरू होण्याइतका जीव तिच्यात असतो, पण व्होल्टेज पडले की मॉड्यूल सरकवण्याचे काम टाळते. चारही टायरांचे माप आणि हवा याच पायरीत तपासून घ्यावी.

त्यानंतर तिन्ही स्थितींची फोड. गाडी सपाट जमिनीवर, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचे एक चाक जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर नीट टेकवून, पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. इंजिन अर्थातच बंद. शाफ्ट सहज फिरला तर ट्रान्सफर केस सुटलेली आहे, बिघाड हबमध्ये किंवा दिव्यात शोधायचा. घट्ट असेल तर ट्रान्सफर केस गुंतलेली आहे. ऑटोट्रॅकसारख्या क्लच असलेल्या यंत्रणेत थोडे जड लागणे स्वाभाविक आहे. ज्याला जॅक आणि स्टँडची सवय नाही त्याने ही चाचणी गॅरेजमध्ये करवून घ्यावी, पण करवून घ्यावीच.

पाचवी पायरी कोड वाचणे. स्वस्त कोड-रीडर बहुधा फक्त इंजिनाचे, पी अक्षराचे कोड दाखवतो. फोर-व्हीलचे बरेच कोड सी अक्षराचे असतात आणि त्यांना सक्षम स्कॅनर लागतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सी-0327 हा कोड ट्रान्सफर केसच्या मोटरीची जागा सांगणाऱ्या एन्कोडरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. हा कोड मोटर खराब असल्याचा दाखला मात्र नव्हे. सर्किटमध्ये तारा, कनेक्टर आणि मॉड्यूलही येतात.

शेवटी हाताने निवाडा. मोटर काढून ट्रान्सफर केसचा बाहेर आलेला शाफ्ट पान्याने फिरवून पाहायचा. तो हलून टू-हायवर आला तर पेटीच्या आतला भाग ठीक आहे आणि दोष मोटर, एन्कोडर किंवा वायरिंगकडे आहे. हलला नाही तर आतला काटा, चेन किंवा साठलेला ताण. इथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. शाफ्ट फिरवताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेली तर गिअर पार्कमध्ये असूनही गाडी घरंगळते. ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही.

काढलेली जुनी मोटर उघडली तर बिघाडाचे स्वरूप डोळ्यांना दिसते. आत छोटी मोटर, तिचा गिअर आणि एक चपटी कडी असते. कडीवर धातूचे पट्टे आणि त्यांवर सरकणारी बारीक पाती. पट्ट्यांवर काळपट भुकटी जमते, पाती झिजतात. मोटरीत फिरण्याची ताकद असते, पण आपण कुठे उभे आहोत हे मॉड्यूलला कळेनासे होते आणि ते खबरदारी म्हणून सगळे काम बंद करते. ज्या मॉडेलांत ही कडी वेगळी मिळते तिथे अख्खी मोटर बदलण्याची गरज नसते.

मतभेद पहिला : आधी भाग बदलावा की आधी तपासावे

एका गटाचे म्हणणे असे की काही मॉडेलांत मोटर आणि एन्कोडर हेच नेहमीचे गुन्हेगार आहेत. मोटर मोजक्या बोल्टांवर बसते, तपासणीच्या तासाची मजुरी आणि बाजारातल्या मोटरीची किंमत यांत फार अंतर राहत नाही. मग सरळ बदलून मोकळे व्हावे. या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः ज्या गॅरेजने त्याच मॉडेलच्या बऱ्याच गाड्या हाताळल्या आहेत तिथे.

दुसरा गट म्हणतो की काटा ताणाखाली दाबलेला असताना नवी मोटर बसवली तर तीही जळते. बाहेरच्या कंपनीची मोटर कधी मॉड्यूलशी जुळत नाही, कधी तिला नव्याने जागा शिकवावी लागते. गंजलेला कनेक्टर तसाच राहिला तर काही महिन्यांत संदेश परत येतो. शाफ्ट पान्याने फिरवून पाहण्याची चाचणी या दोन्ही गटांना जोडते. मोटर बदलण्यासाठी ती काढावीच लागते, मग नवी बसवण्यापूर्वी शाफ्ट फिरवून पाहायला काही मिनिटेच जातात. हे करून मगच भाग मागवावा, असे सांगणारे मेकॅनिक दोन्ही गटांत आढळतात.

मतभेद दुसरा : चालवत न्यावी की उचलून न्यावी

चालवत नेण्याच्या बाजूचे म्हणतात की फोर-हायमध्ये अडकलेली गाडी हळू, शक्यतो सरळ रस्त्याने, वळणे मोठी घेत जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. पावसाने रस्ता ओला असेल तर आणखी सोपे. विरुद्ध बाजूचे म्हणतात की कोरड्या काँक्रीटवरचे प्रत्येक वळण चेन, शाफ्टचे जॉइंट आणि डिफरन्शियल यांचे आयुष्य कमी करते, आणि शुगर लँडमधल्या हायवे 6 वरून येताना सिग्नलावरची वळणे टळत नाहीत.

फोर-लोबद्दल मात्र वाद नाही. त्यात इंजिनाचा वेग अडीच-पावणेतीन पटीने वाढतो, काही गाड्यांत चौपट. अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. उचलून न्यायची तर फ्लॅटबेडवरच, हेही सर्वमान्य. दोन चाके जमिनीवर ठेवून ओढली तर बांधलेल्या शाफ्टांमधून ताकद फिरते आणि किरकोळ बिघाडाचे मोठे बिल होते. टो करणाऱ्याला फोन करतानाच हे स्पष्ट सांगावे.

मतभेद तिसरा : पुढचा शाफ्ट काढून ठेवावा का

तात्पुरता उपाय म्हणून पुढचा शाफ्ट सोडवून गाडी मागच्या चाकांवर चालवणे ही जुनी युक्ती आहे. साध्या पार्ट-टाइम यंत्रणेत ती बऱ्याचदा चालते आणि ताणाचा प्रश्न तत्काळ संपतो. पण तिला मर्यादा आहेत. काही गाड्यांत शाफ्टचे टोक ट्रान्सफर केसच्या आत सरकलेले असते, ते काढले की तेल बाहेर येते. मधे उघडे डिफरन्शियल असलेल्या गाडीत शाफ्ट काढला की ताकद रिकाम्या बाजूला निघून जाते आणि गाडी हलतच नाही. क्लचवर चालणाऱ्या यंत्रणेत क्लच तापण्याचा धोका. म्हणून युक्तीचे समर्थकही आधी यंत्रणेचा प्रकार ओळखायला सांगतात. विरोधकांचा मुख्य आक्षेप वेगळा आहे : तात्पुरती सोय कायमची होते आणि मूळ दोष आत वाढत राहतो.

मतभेद चौथा : दर महिन्याचा सराव

न वापरलेला भाग अडकतो, यावर सगळे सहमत आहेत. टोयोटाच्या जुन्या मालक-पुस्तिकांत तर महिन्यातून किमान 16 किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवण्याची स्पष्ट सूचना असे, पुढच्या भागांना तेल मिळत राहावे म्हणून. वाद आहे तो शुगर लँडसारख्या ठिकाणी हे करायचे कुठे, याचा. सराव पार्किंगमध्ये वळत-वळत केला तर तोच ताण निर्माण करतो. काही जण पावसात, सरळ रस्त्यावर फोर-हाय लावून काही मैल जायला सांगतात. काही जण काउंटीच्या ग्रामीण भागातला खडीचा रस्ता सुचवतात. तिसरे मत असे की मोटर आणि काटा हलते राहण्यासाठी उभ्या गाडीत दोन-चारदा बदल केला तरी पुरतो. पण उभ्या गाडीत तेल फिरत नाही, त्यामुळे हा सराव अर्धाच आहे.

समुद्रकिनारा हा चौथा पर्याय. टेक्सासच्या 1959 च्या ओपन बीचेस कायद्याने किनारे जनतेसाठी खुले ठेवले आणि सर्फसाइडसारख्या ठिकाणी वाळूवर गाडी नेता येते. वाळूत फोर-व्हील मोकळेपणाने चालते, ताण साठत नाही. मात्र खारे पाणी कनेक्टरमध्ये आणि मोटरीच्या सांध्यांत शिरते. किनाऱ्यावरून आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुतली नाही, तर सरावाने होणाऱ्या फायद्यापेक्षा गंजाने होणारे नुकसान जास्त.

स्थानिक कारणे : गंज कमी, पाणी जास्त

उत्तरेकडच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथल्या चर्चेत गंजाला पहिला मान असतो. तो क्रम इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. इथली कारणे वेगळी आहेत : वर्षानुवर्षांचा निष्क्रियपणा, उष्णता, दमट हवा आणि पूर.

ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळाने या भागाला बुडवले. रिचमंडजवळ ब्रॅझोस नदी 55 फुटांच्या वर गेली. पाण्यातून गेलेल्या गाडीत अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसच्या हवेच्या नळ्यांतून पाणी आत जाते. गरम पेटी थंड पाण्यात एकदम निवते आणि बाहेरचे पाणी आत ओढून घेते. तेल दुधाळ होते, मोटरीचे कनेक्टर हिरवे पडतात, आणि लक्षण कधीकधी फार उशिरा दिसते. म्हणून इथे जुनी फोर-व्हील घेताना पुराचा इतिहास विचारणे आणि ट्रान्सफर केसच्या तेलाचा रंग पाहणे या दोन्ही गोष्टी हव्यात. तेल बदलताना कंपनीने सांगितलेलेच घालावे. ऑटोट्रॅकला लागणारे तेल निळे आणि वेगळे असते. त्याऐवजी साधे गिअरबॉक्सचे तेल घातले तर क्लच थरथरतो, आणि गाडी अडकल्याचा भास होतो.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी 2021 चा. ह्यूस्टनचे तापमान उणे 10 अंश सेल्सियसच्या आसपास गेले, रस्त्यांवर बर्फाचा थर बसला. अशा वेळी वर्षानुवर्षे झोपलेले बटण दाबले जाते. दोन-तीन दिवसांत बर्फ वितळतो, रस्ता कोरडा होतो आणि फोर-व्हील लागलेलेच राहते. इथे अडकण्याला हवामानापेक्षा मधली निष्क्रिय वर्षे जास्त जबाबदार असतात.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न रचनेचा आहे : यंत्रणा बिघडली तर तिने कोणत्या बाजूला पडावे? फोर्डच्या हबांचा कल जोडलेले राहण्याकडे आहे. बर्फात किंवा डोंगरात अडकलेल्या माणसाला त्याचा आधार वाटेल. कोरड्या काँक्रीटवर राहणाऱ्याला सुटी राहणारी यंत्रणा बरी. मोटरीवर चालणाऱ्या ट्रान्सफर केस बहुधा शेवटच्या जागीच थांबतात. एकच गाडी मिनेसोटात आणि टेक्सासात विकली जाते, त्यामुळे सर्वांना मानवेल असे उत्तर अजून सापडलेले नाही.

दुसरा प्रश्न लिव्हर की बटण. लिव्हरचे समर्थक साधेपणा आणि हाताला कळणारा प्रतिसाद पुढे करतात. ताण साठला आहे हे लिव्हर हाताला सांगतो, बटण सांगत नाही. बटणाचे समर्थक म्हणतात की मॉड्यूल चुकीच्या वेगाला फोर-लो लागूच देत नाही, आणि लिव्हरच्या काळात याच चुकीने कित्येक पेट्या फुटल्या.

तिसरा प्रश्न दुरुस्तीच्या हक्काचा. मॅसॅच्युसेट्सने 2012 मध्ये याबाबत कायदा केला आणि 2014 च्या देशव्यापी सामंजस्य करारानंतर स्वतंत्र गॅरेजांना निदानाची माहिती मिळू लागली. पण फियाट क्रायस्लरने 2018 पासून आपल्या गाड्यांत सुरक्षा-गेटवे बसवला. कोड वाचता येतात, पण मॉड्यूलला हुकूम द्यायचा तर परवानगी लागते. गाडी चोरांपासून आणि हॅकरांपासून वाचवायला हे हवे, असे कंपन्यांचे म्हणणे. ग्राहकाला डीलरशी बांधण्याचा हा मार्ग असल्याचा स्वतंत्र मेकॅनिकांचा आक्षेप. नव्या मोटरीला जागा शिकवण्यासारखे साधे काम या दोन भूमिकांच्या मध्ये अडकू शकते.

सध्याची स्थिती

सगळे मिळून चित्र निराशाजनक नाही. फोर-व्हीलमधून न सुटणाऱ्या गाड्यांतल्या काही नुसत्या ताणाने अडकलेल्या असतात आणि सरळ रेषेत मागे घेतल्यावर सुटतात. काहींना फ्यूज, बॅटरी किंवा सारखे टायर पुरतात, काहींना मोटर लागते. पेटी उघडण्याची पाळी या सगळ्या पायऱ्या पार केल्यावरच यावी. मतभेद उरतात ते त्यानंतरच्या निर्णयांबद्दल, आणि तिथे दोन्ही बाजूंना जमिनीवरचा अनुभव आहे.

मालकाच्या हातात मात्र एक गोष्ट आजही आहे. गॅरेजमध्ये गाडी सोडताना ‘फोर-व्हीलमध्ये अडकली आहे’ एवढेच सांगून थांबू नये. ट्रान्सफर केस गुंतली आहे, हब जोडलेला राहिला आहे की फक्त दिवा जळतो आहे, हे कोणत्या चाचणीने ठरवले, असे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. ज्या मेकॅनिकने ही फोड केली आहे तो हे उत्तर सहज देईल. ज्याने केली नसेल, त्याने भाग मागवण्यापूर्वी ती करावी एवढा आग्रह धरण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.